हिरव्या डबीचं प्रकरण

“भाऊजी, त्या हिरव्या डबीत असतं तरी काय हो?”

वहिनींचा प्रश्न भिंतीवरून आला. आमच्या दोन रो-हाउसांमधली भिंत खांद्याएवढी आहे. म्हणजे चेहरा दिसतो आणि हातातली भांडी दिसत नाहीत. गप्पांना याहून सोयीची उंची नाही.

“कुठली डबी?”

“चिरंजीवांची. आधी ते गिटारच्या ॲम्पचं धूड आणलं. दोघांनी मिळून जिन्यावरून चढवलं. म्हणाला, आई, हा फक्त १५ वॉटचा आहे. मी म्हटलं, बरं झालं, बाथरूममधल्या दिव्याएवढा! तर पहिल्याच संध्याकाळी अप्पा दारात. आता म्हणे टोन मनासारखा येत नाही, म्हणून ही डबी. पायाने दाबायची. पाच आकडी पैसे मोजले, भाऊजी. दाबायला!”

अप्पा म्हणजे समोरच्या कोपऱ्यावरचे. मंडळाचे स्पीकर मोजायला त्यांनी मोबाइलवर डेसिबल दाखवणारं काहीतरी घेतलं होतं. गणपती गेले, डेसिबल राहिले. हल्ली ते कुकरच्या शिट्ट्याही मोजतात असं कानावर येतं, खरंखोटं देव जाणे.

माझं आयुष्य रेडिओदुरुस्तीत गेलं, त्यामुळे गल्लीत जे म्हणून कुरकुरतं ते माझ्याकडे येतं. शेवटची काही वर्षं कॉलेजातली गिटारवाली पोरं व्हॉल्व्हचे ॲम्प घेऊन दुकानात यायची आणि काम होईपर्यंत बाकावर बसून कोण कशातून वाजवतो याची खबरबात सांगायची. एवढ्या चहाड्या मी भिशीतही ऐकल्या नाहीत. तेव्हा वहिनींनी माणूस बरोबर निवडला होता.

“आधी त्या १५ वॉटचं ऐका,” मी म्हटलं. “दिव्याचे वॉट म्हणजे तो खातो किती. ॲम्पचे वॉट म्हणजे तो स्पीकरला देतो किती. भिंतीतून ओढतो त्याच्या कितीतरी जास्त, कारण व्हॉल्व्ह तापवायलाच वीज लागते. आणि गिटारचे स्पीकर मोठे तिखट असतात. एक वॉट दिला तरी एक मीटरवर १०० डेसिबलच्या आसपास आवाज काढतात.”

“आणि चालतात किती?”

“राहत्या वस्तीत सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५. रात्री ४५.”

“मग आपण आत्ता बोलतोय ते?”

“साठाच्या घरात असेल.”

वहिनींनी समोरच्या कोपऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. “त्यापेक्षा पाच वॉटचा घ्यायचा ना मग.”

“त्याने अप्पा थांबले नसते. ताकद दहापट झाली तर कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या दुप्पट मोठा, बास. हे दुकानात कोणी सांगत नाही. तुमच्या मुलाला कमी वॉटचा ॲम्प हवा होता तो आवाज कमी करायला नव्हे, तर आवाज लवकर फुटावा म्हणून.”

“फुटावा? बिघडला म्हणायचं का?”

आता इथे जरा माझ्या धंद्याची व्यथा आहे. रेडिओ फुटतो म्हणून लोक भांडायला यायचे. आवाज घोगरा झाला की गिऱ्हाईक पैसे द्यायचं नाही. आणि ही पोरं पैसे मोजून तोच घोगरेपणा विकत घेतात. पहिल्यांदा एकाने ‘काका, जरा आणखी फुटेल असं करा ना’ म्हटलं, तेव्हा मला वाटलं पोरगं थट्टा करतंय.

“तुमच्या सासऱ्यांचा रेडिओ आठवतो? त्या काळच्या रेडिओत शेवटी स्पीकरला जोर देणारा व्हॉल्व्ह असायचा, ईएल ८४. तसलेच दोन या ॲम्पमध्ये आहेत, मी धूड चढवताना मागच्या जाळीतून बघून ठेवलंय. त्यांच्यापुढे लहान लहान ईसीसी ८३. अमेरिकन लोक त्यालाच १२ एएक्स ७ म्हणतात. आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने कित्येक वर्षं व्हॉल्व्ह बनवले. आता येतात ते स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून.”

“त्याला तो ट्यूब म्हणतो.”

“म्हणू द्या. तर गिटारच्या पिकअपमधून येणारी वीज अगदी जराशी, व्होल्टच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी. पहिला व्हॉल्व्ह तिला पन्नासेक पट करतो, दुसरा आणखी वाढवतो. पण प्रत्येकाची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे लाट वाढत नाही, तिचा माथा चपटा होतो. असा माथा चपटा झाला की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूर त्यात मिसळतात. आवाज जाड होतो, गुरगुरतो आणि तार थोडी जास्त वेळ बोलत राहते. व्हॉल्व्हची खुबी ही की तो एकदम मान टाकत नाही. हलकं छेडलं तर स्वच्छ, जोरात छेडलं तर कडेला फुटतो. या सीमेवर ॲम्प ठेवायचा आणि बाकीचं बोटांनी करायचं, यातच त्या लोकांची सगळी मजा.”

“मग ॲम्पचं बटण फिरवलं की झालं. डबी कशाला?”

वहिनी बारा वर्षं हिशेबनीस होत्या. प्रश्न नेमका विचारतात.

“कारण पूर्वीच्या ॲम्पना एकच आवाजाचं बटण असायचं. फुटायला हवा असेल तर अख्खा ॲम्प शेवटपर्यंत उघडायचा, आणि तरी कधी कधी पुरेसा फुटायचा नाही. मग १९६०च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या डॅलस कंपनीने एक पत्र्याची डबी काढली, रेंजमास्टर. आत जर्मेनियमचा एकच ट्रान्झिस्टर. एक बटण, एक स्विच. पायाखाली ठेवायची नाही हं, ॲम्पच्या डोक्यावर ठेवायची. काम एवढंच की गिटारच्या आवाजातला वरचा भाग, तिखट भाग, वाढवायचा आणि मग ॲम्पच्या तोंडात कोंबायचा.”

“वरचाच का?”

हा प्रश्न चिरंजीवांनीही विचारला नसणार.

“खालचे सूर जास्त जागा घेतात. जाड तारा मोठ्या लाटा उठवतात, व्हॉल्व्ह आधी त्यांनाच चपटा करतो, आणि मग त्या फुटलेल्या खर्जात बाकी सगळं बुडतं. नुसता गाळ होतो. म्हणून ॲम्पकडे जाण्याआधीच खर्ज थोडा कापायचा. आता फुटतो तो वरचा भाग, आणि तोही सुटा सुटा ऐकू येतो. ही युक्ती ज्याच्या डोक्यात आली त्याने गिटारवाल्यांची पन्नास वर्षं सोय करून ठेवली.”

मग मी वहिनींना आयर्लंडच्या रोरी गॅलाघरची बातमी दिली. त्याच्याकडे रंग उडालेली स्ट्रॅटोकास्टर, व्हॉक्सचा एसी ३० ॲम्प आणि मध्ये ही रेंजमास्टर. त्याचा आवाज ऐकून दोन पोरं कार्यक्रमानंतर मागे रेंगाळली आणि त्याला गाठून म्हणाली, तुम्ही हा आवाज काढता तरी कसा? त्याने आढेवेढे न घेता सगळं सांगून टाकलं. त्यातल्या एका पोराचं नाव ब्रायन मे. पुढे तो क्वीन बँडचा गिटारवाला झाला, आणि माझा आवाज मला रोरीने दिला असं त्याने स्वतःच जाहीरपणे सांगितलंय. आपल्याकडे अशी विद्या मिळायला गुरूच्या घरी वर्षानुवर्षं पाणी भरावं लागायचं!

“क्वीन म्हणजे तो पाचगणीचा मुलगा ना?” आवाज भिंतीवरून नाही, फाटकावरून आला. अप्पा उभे होते. हातात मोबाइल.

“तोच. फारूख बुलसारा. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. तिथल्या पोरांचा ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड होता, त्यात तो पियानो वाजवायचा. पुढे लंडनला जाऊन फ्रेडी मर्क्युरी झाला.”

“माझ्या बहिणीचं सासर वाईचं,” अप्पा म्हणाले. जणू त्यामुळे क्वीनमध्ये त्यांचाही वाटा येत होता. पण मोबाइल खिशात गेला आणि ते फाटक उघडून आत आले, एवढं खरं.

वहिनींना फ्रेडीपेक्षा ब्रायनमध्ये रस वाटला. त्याने आपली गिटार वडिलांबरोबर घरीच बनवली, मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कापली, तारा छेडायला प्लास्टिकच्या पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतो, हे सांगितल्यावर त्या हसल्याच. “आणि शिक्षण?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. खगोलभौतिकीत पीएच.डी., मी म्हटलं. बँडच्या नादात अर्धवट सोडली होती, २००७ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून पूर्ण केली. “बघा,” वहिनी अप्पांना म्हणाल्या, “पूर्ण केली.” हे चिरंजीवांसाठी राखून ठेवलंय हे मला कळलं.

ब्रायनची पद्धत मात्र मला मनापासून आवडते. एसी ३० चा आवाज पूर्ण उघडा, पुढे रेंजमास्टरसारखाच ट्रेबल बूस्टर कायम चालू, आणि सगळा कारभार गिटारवरच्या एका बटणातून. बटण खाली केलं की आवाज स्वच्छ, वर नेलं की गर्जना. पायाने काही दाबायचं नाही. ॲम्प आणि डबी दोघंही नेहमी टोकावर बसलेली, आणि त्यांना किती डिवचायचं ते करंगळीच्या हातात.

बर्मिंगहॅमच्या टोनी आयोमीचीही हीच डबी. १७ व्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायची तीच बोटं. प्लास्टिकच्या बाटलीचे तुकडे वितळवून त्याने टोकांना टोपणं केली आणि त्या टोपणांनी ब्लॅक सबाथ बँडचं ते जड, काळं वाजवणं उभं केलं. ॲम्प लेनीचा, पुढे रेंजमास्टर. वहिनींनी हळहळून जीभ टाळूला लावली. अप्पा म्हणाले, “कामगार विमा असेल की.”

एरिक क्लॅप्टनबद्दल मात्र कुजबुजच आहे. १९६६ साली जॉन मायॉलच्या बँडबरोबर त्याने जो अल्बम केला, त्यात मार्शलचा ॲम्प होता यावर सगळ्यांचं एकमत. पुढे रेंजमास्टर होती की नव्हती, यावर गिटारवाली माणसं आजही एकमेकांशी बोलणं टाकतात. माझं मत विचाराल तर एवढ्या जोरात उघडलेल्या मार्शलला कसल्याही डबीची गरज नसते. पण मत ते मत.

“हे सगळं ठीक,” वहिनी म्हणाल्या, “पण आमच्याकडची हिरवी आहे.”

हिरव्या डबीचं नाव ट्यूब स्क्रीमर. आणि तिच्यात ट्यूब एकही नाही! नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. वर नाव आयबॅनेझचं, पण बनवली मॅक्सनवाल्या निशिन ओनपा या जपानी कारखान्याने. तिथल्या सुसुमू तामुरा यांनी ती १९७०च्या दशकाच्या शेवटी रचली. आत मुख्य वस्तू म्हणजे ४५५८ नावाची आठ पायांची चिप.

“थांबा,” अप्पा म्हणाले. “४५५८? आमच्या मंडळाच्या ॲम्प्लिफायरमध्ये कारागीर तेच काहीतरी म्हणत होता.”

“तेच. तपकीर गल्लीत जा आणि ४५५८ म्हणा, दुकानदार न बघता हातावर ठेवेल. टेपरेकॉर्डरपासून लग्नाच्या स्पीकरपर्यंत आपल्याकडे सगळीकडे तीच. फक्त जुन्या हिरव्या डबीतल्या चिपवर जेआरसीचा शिक्का असेल, तर लोक तिच्याकडे देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं बघतात. मला त्यात काही दिसत नाही. दुसरी कुठलीही बरी ४५५८ बसवून डोळे मिटून ऐकवा, बहुतेकांना ओळखता येणार नाही.”

डबीवर तीन बटणं असतात. ड्राइव्ह म्हणजे डबीने स्वतः किती फोडायचं. टोन म्हणजे तिखट किती. लेव्हल म्हणजे ॲम्पच्या दारात किती जोरात ढकलायचं. दुकानात येणारी सगळी पोरं आधी ड्राइव्ह पूर्ण फिरवायची, कारण बटण फिरवलं की काहीतरी होतं. मग आवाज माशांच्या थव्यासारखा भुणभुणायचा आणि ती ॲम्पला शिव्या द्यायची. मी लेव्हल वर करायचो, ड्राइव्ह जवळजवळ शून्यावर. आणि ॲम्प स्वतःच फुटायच्या सीमेवर. मग पोराचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा.

टेक्ससचा स्टीव्ही रे वॉन हेच करायचा. त्याच्या तारा एवढ्या जाड की सामान्य माणसाची बोटं सोलून निघावीत. समोर फेंडरचे मोठमोठे ॲम्प उघडलेले, आणि हिरवी डबी फक्त धक्का द्यायला. १९९० मध्ये हेलिकॉप्टरच्या अपघातात गेला बिचारा, वय पस्तीस. फेंडरच्या त्या ॲम्पमध्ये मधले सूर जरा खोलगट असतात, आणि हिरवी डबी नेमका मधलाच भाग उचलते. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा खर्ज फोडायच्या आधी कापते, फार वरचं मागाहून मवाळ करते, मध्ये उंचवटा. त्या दोघांचं जमलं ते यामुळे. जोडीमुळे जमलं, नुसती डबी आणून वॉन होता येत नाही. हाच ॲम्प आणि हीच डबी एखाद्या दिवाणखान्यात आवाज दोनवर ठेवून लावली तर फक्त नाकात बोलल्यासारखं ऐकू येतं, हेही मी पाहिलंय.

मेटल वाजवणारी पोरं तर आणखी पुढची. त्यांच्या ॲम्पमध्येच गेन, म्हणजे आवाज फोडायचा जोर, इतका असतो की डबीने काही फोडायची गरजच नाही. ती ड्राइव्ह शून्यावर आणि लेव्हल पूर्ण ठेवतात. खर्ज आधी कापला जातो आणि त्यांचं ते दणादण वाजवणं सैल न पडता घट्ट येतं. ब्लूजसाठी जन्मलेली डबी, आणि नांदते मेटलच्या घरी.

“अप्पा, तुम्ही यंदा गणपतीतला कार्यक्रम ऐकला ना?” वहिनी एकदम म्हणाल्या. “चिरंजीवांनी तिथे सोलो वाजवला. पायाने डबी दाबली, मी पुढेच बसले होते, मला दिसलं. पण सोलो कुणाला ऐकू आलाच नाही. ड्रम आणि तो दुसरा गिटारवाला, बाकी काही नाही. घरी येऊन जेवला नाही.”

“सत्त्याऐंशी होतं,” अप्पा म्हणाले. त्यांनी मोजलं होतं.

खरं प्रकरण हे आहे, आणि त्यासाठीच मी एवढा वेळ भिंतीला टेकून उभा होतो. डबी दाबली की आवाज मोठा होतो ही समजूत अर्धी खरी आहे. ॲम्प स्वच्छ असेल, त्याच्यात अजून जागा असेल, तर दाबल्यावर आवाज मोठा होतो, अगदी अप्पा धावत येतील इतका. पण ॲम्प आधीच फुटत असेल तर त्याच्याकडे वाढायला जागाच नसते. भरलेल्या हंड्यात आणखी कळशी ओतली तर पाणी वर येत नाही, सांडतं. तिथे डबी दाबून आवाज मोठा होत नाही, तो अधिक चपटा, अधिक जाड, अधिक गुरगुरणारा होतो. घरी एकट्याने वाजवताना ते छान वाटतं, कारण स्पर्धेला कोणी नाही. स्टेजवर ड्रमच्या शेजारी तो जाड आवाज मागे सरतो. चिरंजीवांनी मंडपात ॲम्पचा गेन आधीच पूर्ण ठेवला होता, मी पाहिलं होतं. मग डबीने काय करावं?

“मग त्याने करायला काय हवं होतं?”

“तीन गोष्टींपैकी एक. गेन थोडा खाली ठेवायचा, म्हणजे हंड्यात जागा राहते आणि डबी ती भरते. नाहीतर सोलोला मधले सूर वाढवायचे; माणसाचा कान तिथेच तीक्ष्ण असतो, आणि ड्रम नि बासच्या मधून तोच भाग वर येतो. किंवा ॲम्पच्या मागे इफेक्ट लूपची दोन भोकं असतील, तर त्यात साधा बूस्टर लावायचा. ते भोक फोडणाऱ्या लहान व्हॉल्व्हच्या नंतर आणि शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या आधी येतं. तिथे वाढवलं तर फुटणं तेवढंच राहतं आणि आवाज खरोखर वाढतो. मोठ्या व्हॉल्व्हमध्ये जागा शिल्लक असली पाहिजे, एवढंच.”

“म्हणजे एकच डबी पुढे लावली तर वेगळी आणि मागे लावली तर वेगळी?”

“अगदी. गिऱ्हाइकाला हे सांगून मी कित्येक डब्यांची विक्री बुडवली असेन. माझं दुकान नव्हतं डब्यांचं, म्हणून परवडलं.”

मग अप्पांनी घरातल्या आवाजाचं विचारलं, अर्थातच. त्याचंही उत्तर डबीच आहे. मोठे व्हॉल्व्ह फुटायचे असतील तर आवाज उंच लागतो. त्यावर उपाय म्हणून ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसणारे ॲटेन्युएटर मिळतात, ते जास्तीची वीज उष्णतेत घालवतात. पण ॲम्पला मास्टर व्हॉल्यूम, म्हणजे शेवटचा आवाज ठरवणारं वेगळं बटण असेल तर पहिलं बटण थोडं वर, मास्टर खाली, आणि पुढे डबी. लहान व्हॉल्व्ह फुटतात, मोठे शांत बसतात. स्टेजवरचा अख्खा आवाज मिळत नाही, पण सरावाला पुरतो. ड्राइव्ह थोडा जास्त ठेवला तरी घरी चालतो. इथे ॲम्प मदतीला येत नसतो, म्हणून डबीलाच काम करावं लागतं. जो नियम स्टेजचा तोच घराचा मानणाऱ्यांशी माझं पटत नाही.

अप्पांच्या चेहऱ्यावर समेटाची कळा आली. वहिनी कैरीचं लोणचं घेऊन आल्या, अप्पांनी चवीला दोन फोडी घेतल्या, आणि विषय काही काळ मोहरीच्या भावाकडे वळला.

“त्याला आणखी एक डबी हवीय,” वहिनी परत येऊन म्हणाल्या. “घोड्याचं चित्र असलेली.”

“घोडा नव्हे, अर्धा माणूस अर्धा घोडा. क्लॉन सेंटॉर. अहो, नको!”

बॉस्टनकडच्या बिल फिनेगनने १९९४ मध्ये ती विकायला काढली. एकट्याने बसून हजारोंनी बनवल्या, एकूण आठएक हजार. आतलं सर्किट कुणी उतरवून घेऊ नये म्हणून त्याच्यावर काळा एपॉक्सी ओतायचा. दगडासारखा घट्ट. लोकांनी तोही खरवडून काढला आणि आज नकला घरोघरी आहेत. खऱ्या जुन्या डबीला हजारो डॉलर मोजणारे लोक आहेत. २०२४ मध्ये त्याने बेहरिंगर कंपनीवर अमेरिकेत खटलाही भरला, नाव आणि रूप उचललं म्हणून. डबीत जादू नाही, हुशारी आहे. ९ व्होल्टचे आत १८ व्होल्ट करते, म्हणून ती लवकर गुदमरत नाही, आणि मूळ स्वच्छ आवाज फुटलेल्या आवाजात मिसळून ठेवते. हिची नक्कल घेतली तरी चिरंजीवांचं भागेल. पण ॲम्पचा गेन पूर्णच ठेवणार असेल तर तीसुद्धा हंड्यातच ओतायची आहे.

“आणि रेंजमास्टर?” अप्पांना आता गोडी लागली होती.

“जर्मेनियमला उन्हाळा सोसत नाही. गरम झालं की आतली वीज गळायला लागते आणि आवाज बदलतो. एप्रिल-मेमध्ये पुण्याच्या गच्चीवर ती वेगळंच बोलेल. शिवाय ती थेट गिटारनंतर लावावी लागते, मध्ये दुसऱ्या डब्या आल्या की रुसते. आणि जुन्या पद्धतीच्या डबीत धन टोक जमिनीला असतं, म्हणून बाकीच्या डब्यांच्या एकाच अडॅप्टरवर टांगली तर सरळ शॉर्ट. तिला वेगळी बॅटरी.”

अडॅप्टरवरून आठवलं. अशा बहुतेक डब्यांना ९ व्होल्ट लागतात आणि प्लगच्या मधल्या टोकाला ऋण. घरातल्या खेळण्यांच्या, राउटरच्या अडॅप्टरमध्ये मधलं टोक बहुधा धन असतं. प्लग बसतो, म्हणून लावला जातो, आणि डबी धूर सोडते. अशा किती डब्या मी उघडल्या ते विचारू नका.

वहिनींनी हे सगळं चिरंजीवांना जेवताना सांगायचं ठरवलं. मी म्हटलं, एवढं सांगू नका, पोरगं ऐकणार नाही. बाकी सगळं तो स्वतः शिकेल, पण तुम्ही आणि ज्या कुणाच्या घरी असं धूड आलं असेल त्यांनी एक मात्र पाहा. चालू व्हॉल्व्हच्या ॲम्पची स्पीकरची वायर काढायची नाही, आणि वायर लावल्याशिवाय ॲम्प सुरू करायचा नाही. ट्रान्झिस्टरच्या बहुतेक ॲम्पला ते खपतं, व्हॉल्व्हच्या नाही. मागचं झाकण तर उघडूच नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही तीन-चारशे व्होल्ट राहू शकतात. स्पीकर नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि तो बसवायला हिरव्या डबीपेक्षा जास्त पैसे लागतात.